शाळा भरला

एक

रविवारची प्रार्थना आटोपून सिस्टर अंगणात आल्या आणि कमानीकडे बघून जागीच थिजल्या. दगडी कमान होती, तिच्यातून रोज दिसते ती टेकडीही होती. घंटा तेवढी नव्हती.

"भंगारवाला! मेला दिवसाढवळ्या टेहळणी करून गेला असणार!" हेडबाई ओरडल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सिस्टर नव्हत्या, गावातल्याच होत्या. भाषा शिकवायच्या, आणि काना-मात्रेची चूक दिसली की त्यांच्या कपाळावरची शीर थडथड उडायची.

"भंगारवाला दोर गुंडाळून ठेवत नाही," कंपास सिस्टर म्हणाल्या.

त्या भूमिती शिकवायच्या. चालताना पाय असे सरळ आणि मोजून टाकायच्या की मुलींनी त्यांचं नाव कंपास सिस्टर ठेवलं होतं. हे नाव त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

कमानीखालच्या दगडी कट्ट्यावर तीन वस्तू नीट मांडून ठेवल्या होत्या. घंटेचा दोर होता. त्याचा गोल गरगरीत गुंडा करून शेवटचं टोक आत खोचलेलं. घंटेची जीभ, म्हणजे आत लोंबणारा लोखंडी लोळा, लोकरीत गुंडाळलेली होती. आणि घंटा ज्याच्यावर लटकायची तो अंगठ्याएवढा जाड बोल्ट होता.

कंपास सिस्टरांनी आधी लोकर उलगडली. निळा मोजा होता, पण अर्धाच. टाच विणून झालेली, पंजाचा पत्ता नाही, सुटलेला धागा लोंबतोय. मग त्यांनी बोल्ट उचलला, उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

बोल्ट मधोमध करवतीनं कापला होता. पार नाही, जेमतेम जोडलेला राहील इतपत. कापल्या जागी तांबूस गंज चढू लागला होता. नटाच्या आट्यांवर मात्र ताजं तेल चमकत होतं.

"हे कापणं आधीचं आहे, तेल कालचं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्याला नट खोलता येतो तो बोल्ट कशाला कापेल? आणि ज्यानं कापला तो पुन्हा नट खोलायला कशाला येईल? बाई, इथे दोन माणसं येऊन गेलीत. एकाला घंटा पाडायची होती. दुसऱ्यानं ती उतरवली."

"पाडायची? कुणाच्या डोक्यावर?"

कंपास सिस्टर खाली बघत होत्या. दोर ओढणारीच्या पायांनी तिथली फरशी बशीसारखी झिजली होती. उद्या सोमवार. सुट्टी संपून शाळा उघडणार. आणि या शाळेची जुनी रीत अशी की वर्षाची पहिली घंटा मोठं माणूस वाजवत नाही. शाळेत नव्यानं आलेली सगळ्यात लहान मुलगी त्या झिजल्या जागी उभी राहते आणि दोराला लोंबकळते.

दोन

ही घंटा साधी नव्हती. फाटकाच्या दगडावर कोरलं होतं: "जोवर ही घंटा शाळेसाठी वाजेल, तोवर ही जागा शाळेची."

त्यामागची कथा गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होती. पहिल्या सिस्टर समुद्रापलीकडून आल्या, एक पेटी आणि ही घंटा घेऊन. मुलींना शिकवणार म्हणाल्या, तर गावानं त्यांना भाड्यानं खोली दिली नाही. त्या गुरांच्या रिकाम्या गोठ्यात राहिल्या. रोज सकाळी घंटा वाजवायच्या आणि समोर एकही मुलगी नसताना रिकाम्या सतरंजीला पाढे शिकवायच्या. छपरावर धोंडे पडायचे. त्या आवाज चढवून पुढचा पाढा घ्यायच्या. गोठ्याच्या कुडाला बाहेरून कान लागलेत, हे त्यांना माहीत होतं.

गोठा ज्यांचा होता ते थोरले मालक एकदा घोडा थांबवून म्हणाले, "बाई, निघा आता. कशाला डोकं फोडून घेता?"

"भाषा माझा नाही," पहिल्या सिस्टर म्हणाल्या, "पण शाळा माझा आहे."

मालक खो खो हसले. हसता हसता पैज लावून बसले, की वर्षभर एकही दिवस घंटा चुकली नाही तर ही जागा तुमची. तापात, पुरात, अंगावर चिखल फेकला गेला त्या दिवशीही ती वाजली. मालक शब्दाचे पक्के. दगड त्यांनीच कोरून घेतला.

पहिल्या सिस्टरांना आपल्या भाषेतलं सगळं आलं, फक्त शब्दाचं लिंग शेवटपर्यंत आलं नाही. फळा, दिवा, रस्ता हे सगळे जर 'तो', तर शाळा आणि घंटा 'ती' कशा, हे त्यांना पटतच नसे. त्यांच्या पहिल्या वर्गातल्या मुली आधी खुदुखुदु हसल्या, मग त्यांनी त्याचंच गाणं केलं आणि दोरीवरच्या उड्या मारताना आपापसात म्हणू लागल्या:

घंटा वाजला, शाळा भरला,
चुलीपुढचा धूर सरला.

त्या मुली लग्न होऊन दूरदूर गेल्या आणि गाणंही त्यांच्याबरोबर गेलं.

आता थोरल्या मालकांचा नातू कारभार बघत होता. त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. शाळेच्या जागेवर त्याला गोदाम बांधायचं होतं. रविवारी दुपारी त्याचा निरोप आला: उद्या शाळा भरायच्या वेळेला गावातल्या मोठ्या मंडळींना घेऊन फाटकापाशी येतो. घंटा वाजली नाही, तर दगडावर लिहिलंय तसं होईल.

"दुसरी घंटा आणू!" हेडबाई म्हणाल्या.

"दगडावर 'ही घंटा' लिहिलंय. तुम्हीच तर मुलींना दर्शक विशेषण शिकवता." कंपास सिस्टरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बाई, तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. सकाळपासून तुम्ही कमानीकडे पाठ करून उभ्या राहताय."

हेडबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"शुक्रवारी मालकांचा माणूस शिडी घेऊन आला होता. म्हणाला, सुट्टीत घंटेला तेल घालून देतो. मी त्याला वर... प्यायला पाणी दिलं, सिस्टर. आभार मानले मेल्याचे!"

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"कारण मी मालकांकडे नोकरीचा शब्द टाकलाय," हेडबाईंचा आवाज चिरकला. "शाळा बुडाली तर मी कुठे जाऊ? तुम्हाला तुमचा मठ सांभाळेल. मला कोण?"

कंपास सिस्टरांना राग यायला हवा होता. आला नाही. "म्हणजे कापणारा सापडला," त्या म्हणाल्या. "आता उतरवणारा शोधायचा. आणि तो आपला शत्रू नाही, एवढं हा मोजा सांगतोय."

तीन

घंटा उतरवायला नट खोलायचे पाने लागतात, साखळी लागते, दणकट खांदे लागतात. गावात हे सगळं एकाच दुकानात मिळायचं. वेल्डर दुकानाबाहेर फाटकाची सळी ठोकत बसला होता. गेला महिनाभर तो मालकाच्याच गोदामाच्या छपराच्या लोखंडी कैच्या बनवत होता. भिंतीला केबलींची वेटोळी टांगलेली होती, कोपर ते पंजा अशी लांबट गुंडाळलेली.

"दोर तुम्ही असाच गुंडाळता?" कंपास सिस्टरांनी विचारलं.

"कसाही गुंडाळीन. का?"

"लोकरीसारखा गोल गुंडा करता का?"

"मी काय स्वेटर विणतो, सिस्टर?" वेल्डर हसला, पण हातोडीचा ताल चुकला.

मागच्या बाजूला त्याची धाकटी लेक हापशाच्या दांड्याला दोरी बांधून लोंबकळत होती. "बाबा, असं? की अजून जोरात?"

"अजून जोरात. उद्या सगळ्या गावाला ऐकू गेलं पाहिजे." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"उद्या ओढणारी ही आहे होय?" सिस्टर त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. "घंटा चोरीला गेली, हे अख्ख्या गावाला कळलंय. आणि तुम्ही पोरीकडून सराव करून घेताय."

वेल्डरनं मान वर केली नाही. "मी कुणालातरी शब्द दिलाय. मारलंत तरी नाव सांगणार नाही. पण माझी पोर त्या दोराखाली उभी राहणार होती सिस्टर, एवढं लक्षात ठेवा."

तिथून त्या सरळ मालकाच्या घरी गेल्या. धाकटे मालक दिवाणखान्यात नकाशा पसरून बसले होते. खिडकीपाशी त्यांची आई विणत होती. गाव तिला माई म्हणायचं. थोरल्या मालकांची सून. या घरात आली तेव्हा पोरसवदा होती, आता केसांचा नुसता कापूस झाला होता. ती बुटक्या गोल बैठकीवर बसली होती आणि बैठकीवरून विणलेली शाल जमिनीपर्यंत सोडलेली होती.

"या या! माझ्यावर संशय आहे ना?" मालक मोकळेपणानं म्हणाले. "घराची झडती घ्या. मला घंटा कशाला चोरायची? माझ्या हिशेबानं ती तिथेच..." ते थांबले. "ती तिथेच बरी होती."

ते खरं बोलत होते, आणि तेच भयंकर होतं. माणसाला चोरीचं खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"माई, तुम्ही काल रात्री काही ऐकलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"तिला काय विचारता? तिला घड्याळ कळत नाही, आठवड्याचा वार कळत नाही. अंगठाबहाद्दर आहे आमची माई." मालकांनी नकाशावरची नजर हलवली नाही.

माईनं विणकाम मांडीवर ठेवलं आणि सिस्टरांच्या डोळ्यांत डोळे घालून शांतपणे म्हणाली, "उद्या शाळा भरला, की कळेल सगळं."

"भरली, माई. शाळा भरली!" मालक हसले.

"तेच ते, बाबा."

एक सुई तिच्या हातून निसटली, शालीवर आपटून खाली पडली. टण्ण... आवाज बारीकच होता, पण विझायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. खाली पितळेचं भांडं वगैरे असेल, असं मनाशी म्हणत सिस्टर उठल्या. फाटकाबाहेर दहा पावलं आल्यावर त्यांचे कंपाससारखे पाय एकाएकी थबकले.

चार

मठाच्या व्हरांड्यात थोरल्या सिस्टर उन्हाला बसल्या होत्या. नवी उमेदवार म्हणून आल्या तेव्हा त्यांनी पहिल्या सिस्टरांच्या हाताखाली काम केलं होतं.

"थोरल्या सिस्टर, पहिल्या सिस्टर घरोघरी जायच्या का?"

"जायच्या की. ज्या घरातून मुलींना सोडत नसत तिथे विणकाम शिकवायला म्हणून जायच्या. विणकामाला कोण नाही म्हणणार?" म्हातारीचे डोळे मिटले आणि हसले. "मालकांच्या घरी तर किती वर्षं गेल्या! नवी सून होती ना. पण गंमत सांगू? एवढी वर्षं शिकून त्या सुनेनं साधा मोजा पुरा केलेला मी पाहिला नाही. रोज विणायची आणि संध्याकाळी उसवायची. सासू म्हणायची, आमच्या सुनेच्या हाताला गुणच नाही."

कंपास सिस्टरांनी अर्धा निळा मोजा मांडीवर पसरला.

त्यांना आता सगळं एका रेषेत दिसत होतं. अडाणी माणूस शब्द चुकेल, हिशेब चुकेल, तारीख चुकेल. पण आपल्याच भाषेत, आईच्या दुधाबरोबर आलेल्या बोलीत, तो शाळेला 'तो' कधीच म्हणणार नाही. दोन वर्षांचं पोरही म्हणत नाही. ही चूक अडाण्याला येतच नाही. ही चूक शिकावी लागते, आणि ती शिकवणारी या गावात एकच बाई होऊन गेली.

ऊन कलायच्या आत त्या पुन्हा त्या घरी गेल्या. मालक बाहेर गेले होते. माई खिडकीपाशीच होती.

"मोजा परत आणलाय," सिस्टर म्हणाल्या. "पुरा करायचा राहिलाय तुमचा."

माईनं मोजा हातात घेतला, गालाला लावला. "कळलं तर. मी मुद्दामच बोलले. जन्मभर जिभेला असंच लोकरीत गुंडाळून ठेवलं होतं. म्हटलं, एकदा सोडून बघू, कुणाला ओळखू येतं का."

"विणता विणता शिकलात?"

"पहिल्या सिस्टर लोकरीत अक्षर विणायच्या. मी बोट फिरवून वाचायची. सासूबाईंची चाहूल लागली की धागा ओढायचा. सर्रकन अक्षर पुसलं जायचं, हातात नुसती लोकर! माझी सगळी विद्या अशी उसवलेली आहे, सिस्टर. पुरावा म्हणून दाखवायला एक ओळ नाही."

"आणि घंटा?"

माईनं आपल्या बैठकीवर हळूच थाप मारली. शालीखालून मधमाश्यांसारखा गुणगुणाट उठला.

"लेकानं आपल्या माणसाला सांगितलेलं मी ऐकलं. 'अर्धवट कापून ठेव, घंटा आपोआप पडून फुटेल.' आपोआप कशी पडेल? कुणीतरी ओढल्यावरच पडेल ना! त्याला शाळेची रीत ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. म्हणून मी त्या मुलीच्या बापाकडे गेले. तो वर नट खोलत होता, मी खाली बसून दोर गुंडाळत होते. रात्रीच हातगाडीवरून घंटा इथे आणली, स्वतःच्या घरात लेक कशाला शोधेल? इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाळेच्या अंगणात पाय ठेवला, तोही चोरासारखा." तिनं मोजा मांडीवर ठेवला. "घंटा आत्ताच घेऊन जा. पण त्याचं नाव घेऊ नका. लेक आहे माझा."

सिस्टरांनी शालीचं टोक उचलून पाहिलं. घंटा हाताच्या अंतरावर होती. वेल्डरला एक हाक मारली असती तर काम झालं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "घंटा नेली आणि नाव झाकलं, तर पुढच्या सुट्टीत पुन्हा शिडी लागेल. तो तुमचा लेक आहे, खरं. पण त्या दोराखाली दर वर्षी कुणाची तरी लेकच उभी राहणार आहे. मी घंटा नेणार नाही, माई. तुम्ही आणाल. नाहीतर उद्या शाळा जाईल, आणि ती तुम्ही घालवलेली असेल."

"धमकी देता?"

"तुम्हाला पहिल्या सिस्टरांची शिष्या समजून बोलतेय. त्यांच्या वर्गात हात वर केल्याशिवाय सुटका नव्हती म्हणे."

पाच

सोमवारी फाटकापाशी गर्दी उसळली. एका बाजूला मालक आणि गावातली मोठी मंडळी. दुसऱ्या बाजूला गणवेशातल्या मुली, आणि रिकाम्या कमानीखाली वेल्डरची धाकटी, हातात दोराचा गुंडा घेऊन. जीभ, बोल्ट सगळं कट्ट्यावर होतं. घंटा नव्हती.

"वेळ झाली," मालक म्हणाले. "वाजवा."

हेडबाईंनी कंपास सिस्टरांचा दंड धरला. "सिस्टर, ती येणार नाही. कोणती आई येईल? माझं ऐका, आता सांगून टाका सगळं!"

कंपास सिस्टर रस्त्याकडे बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी सिद्ध झाल्याखेरीज काही मानलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्या नुसत्या विश्वासावर उभ्या होत्या.

"नाही ना वाजत?" मालकांनी मंडळींकडे वळून हात जोडले. "मग दगडावर लिहिलंय तसं..."

ठण्ण!

माना गर्रकन वळल्या. रस्त्याच्या वळणावरून वेल्डरची हातगाडी येत होती. गाडीत घंटा आणि घंटेवर एक हात ठेवून चालणारी माई. खाचखळग्यात गाडी आदळली की ती वेल्डरची हातोडी घंटेवर हाणत होती, आणि दर घावाला गल्लीतली एकेक खिडकी उघडत होती.

"माई! हे काय चालवलंय? घरी चल! तुला काय कळतं यातलं?"

माईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती फाटकाच्या दगडापाशी थांबली. सून होऊन आली तेव्हापासून या दगडासमोरून ती मान खाली घालून गेली होती. आज तिनं मान वर केली आणि बोट अक्षरांवर ठेवलं, जसं लोकरीवर ठेवायची तसं.

"जोवर... ही... घंटा..." तिनं वाचलं. आवाज कापत होता, पण अडखळत नव्हता. "शाळेसाठी वाजेल, तोवर ही जागा शाळेची."

मालक दोन पावलं पुढे आले. "तुला... वाचता येतं?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून. तू पहिला धडा अडखळत वाचायचास ना, तेव्हा चूल फुंकता फुंकता मी चुका मोजायची." मग ती मंडळींकडे वळली. कट्ट्यावरचा बोल्ट उचलून तिनं सगळ्यांसमोर धरला. "हा माझ्या लेकानं कापून घेतलाय. घंटा फुटावी म्हणून. खाली कोण उभं असेल, हे त्यानं विचारलंही नाही. घंटा चोरली ती मी."

वेल्डरनं लेकीला खांद्याशी ओढलं.

"कुणाला लागावं असं माझ्या मनात नव्हतं," मालक पुटपुटले. "शपथ घेऊन सांगतो. माई, घरातलं घरात..."

"घरातलं घरात ठेवत मी म्हातारी झाले, बाबा. आता नाही. फौजदारांना बोलवा. ते जे विचारतील ते मी लिहून देईन. आणि खाली अंगठा उठवणार नाही. सही करीन."

मंडळींतल्या सगळ्यात वयस्क गृहस्थांनी मालकांकडे पाहिलं, मग दगडाकडे, आणि ते फाटकाच्या आत, शाळेच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पाठोपाठ बाकीचेही गेले. मालक रस्त्यावर एकटे उरले.

वेल्डरनं नवा बोल्ट आणला होता, पण कमानीवर चढवायला वेळ कुणाला होता? त्यानं एक जाड पहार घंटेच्या कडीतून आरपार घातली. एक टोक त्यानं खांद्यावर घेतलं. दुसरं टोक कोण घेणार म्हणून तो इकडेतिकडे बघतोय, तोवर हेडबाईंनी पदर खोचला आणि खांदा पुढे केला.

"बाई, जड आहे."

"माहितेय. शुक्रवारचं पाणी अजून घशात अडकलंय माझ्या. उचला!"

घंटा झिजल्या फरशीवर अधांतरी झाली. कंपास सिस्टरांनी तिची जीभ परत आत अडकवली, दोर बांधला. धाकटीनं एका हातानं दोर धरला, दुसऱ्या हातानं माईचं बोट. दोघींनी मिळून ओढला.

टेकडीनं आवाज झेलला आणि गावावर परत फेकला. व्हरांड्यात थोरल्या सिस्टर डोळे मिटून मान डोलवत होत्या.

"शाळा भरला!" माईनं खणखणीत आरोळी ठोकली.

मुलींच्या रांगेत फिसकन हसू फुटलं. एक चुणचुणीत पोर सवयीनं बोलून गेली, "भरला नाही आजी, भरली! हो ना हेडबाई?"

सगळ्यांच्या नजरा हेडबाईंकडे गेल्या. खांद्यावर पहार, घामानं डबडबलेलं कपाळ आणि त्यावर थडथड उडणारी ती शीर. साऱ्या हयातीत त्यांनी एक चूक खपवून घेतली नव्हती.

"आज भरला," हेडबाई म्हणाल्या. "चला, आत व्हा सगळ्या! माई, तुम्हीसुद्धा. पहिल्या बाकावर."